ओट्यावरचा नंबर

मु. भोनखेड, ता. संग्रामपूर
८ सप्टेंबर २०२५

बाई,

तीर्थरूप लिहावं की आदरणीय, हे ठरवण्यात दोन कागद वाया गेले. गावात तुम्हाला सगळे नुसतं बाई म्हणायचे, म्हणून तेच लिहिते.

मी सुचिता. तुमच्या कंपाउंडरची, तुळशीरामची मुलगी. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा मी चौथीत होते. शाळेआधी तुमचा ओटा झाडायचे आणि तुम्ही मला लिंबाची गोळी द्यायचात. आता मी बी.एस्सी. झाले आहे. घरातली पहिलीच. ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते.

शेखरदादांना फोन केला होता. ते म्हणाले, आईला ऐकू येत नाही, काय असेल ते लिहून पाठव. पाठवलं नाही तरी चालेल, असं त्यांच्या आवाजात होतं. मी तरीही पाठवते आहे.

बाई, तुमच्या दवाखान्याची इमारत पंधरा वर्षं बंद आहे. तिथे कृषी सेवा केंद्र काढण्यासाठी पंजाबरावांनी ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागितली आहे. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. तो अर्ज मीच संगणकात चढवला. 'मूळ मालकांची संमती आहे' हे वाक्य टाइप करताना माझे हात थांबले. तुमची संमती असेल असं मला वाटत नाही.

मी तालुक्याला आरोग्य खात्याच्या साहेबांकडे तीन खेपा घातल्या. ते म्हणाले, जागा वापरायला लेखी मिळाली आणि ग्रामसभेचा ठराव झाला, तर आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर पाठवता येईल. दोन दिवस, बाई! इथे आता साधा ताप दाखवायलासुद्धा वरवट बकालपर्यंत जावं लागतं. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. तुमच्या सहीचं चार ओळींचं पत्र हवं आहे, एवढंच.

बाबा बरे आहेत. डॉक्टर भगवंतरावांनी दिलेले कॅनव्हासचे बूट ते अगदी आतापर्यंत घालायचे. या उन्हाळ्यात काढून माळ्यावर ठेवले आणि रबरी चपला घेतल्या. म्हणाले, "दवाखाना नाई तं बूट कायले पाह्यजे?" मला फार वाईट वाटलं.

उत्तराची वाट पाहते.

तुमची
सुचिता


२० सप्टेंबर २०२५

बाई,

पत्र मिळालं असेल असं धरून चालते.

साहेबांनी अर्जासोबत दवाखान्याचा दोन पानी इतिहास जोडायला सांगितला आहे. मी बाबांना विचारून लिहिला. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तुम्ही आणि डॉक्टर भगवंतराव १९७९ साली आलात. वरवटपर्यंत एस.टी.नं, पुढे बैलगाडीनं. गाडीत औषधांची खोकी होती आणि तुम्ही खोक्यांवर पाय सोडून बसला होतात. गावानं आधी शाळेची एक खोली दिली. मग तुम्ही ओट्याची ही इमारत बांधलीत, दोन दारांची. डावीकडच्या दारावर डॉक्टर आणि उजवीकडच्यावर तुम्ही. माणसं आधी उजवीकडे वळून पाहायची नाहीत. बाया मात्र डावीकडून शिरून आतल्या आत तुमच्याकडे यायच्या, म्हणजे कुणाला कळू नये की बाईच्या आजारासाठी आलो. बाबा अठराव्या वर्षी लागले. त्यांना वाचता येत होतं आणि औषधाच्या बाटलीला चिकटवायची डोसाची कागदी पट्टी ते कातरीनं बरोबर कापायचे, खाच इकडची तिकडे होत नसे. एवढ्यावर डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. २००४ मध्ये डॉक्टर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेराव्यानंतर तुम्ही दोन्ही दारं उघडलीत आणि एकट्या दोन्हीकडे बसू लागलात.

चपलांच्या नंबराबद्दलही मी लिहिलं आहे. साहेबांना ते मजेशीर वाटेल, पण मला तो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नंबर माणसानं लावायचा नाही, चपलेनं लावायचा. ओट्याच्या कडेनं चपला रांगेत ठेवायच्या आणि निंबाखाली बसायचं, नाहीतर चक्कीवर दळण टाकून यायचं. बाबा दारातून ओरडायचे, "निळ्या पट्ट्याची कोनाची हाय हो? या आत!" कुणी भांडायचं नाही.

आणि रोज दवाखाना उघडायच्या आधी तुम्ही त्या रांगेवरून चालत जायचात. वाकून, हात पाठीमागे बांधून. एखाद्या चपलेचा पट्टा ब्लेडनं कापून सैल केलेला दिसला की ती उचलून पहिल्या नंबरावर ठेवायचात. मी एकदा विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "पाय सुजला की माणूस डॉक्टरकडे येत नाही, आधी चपलेचा पट्टा कापतो. चपला खोटं बोलत नाहीत." इथलं पाणी खारं, माणसांच्या किडन्या गुपचूप खराब होतात, हे तुम्ही असं चपलांवरून ओळखायचात. गरोदर बायांचंही तसंच. हे मी मुलांना शिकवणीत सांगते.

बाबांना इतिहास वाचून दाखवला. ते खाटेवर पाय वर घेऊन ऐकत बसले होते. हल्ली सकाळी उठतात तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले असतात, चेहरा जड दिसतो. रडत असणार. मी विचारत नाही. दवाखाना सुरू झाला की ठीक होतील.

पत्र लवकर पाठवा. बारा दिवस उरले.

सुचिता


४ ऑक्टोबर २०२५

बाई,

तुमचं पत्र आलं नाही. पोस्टमन पंचायतीच्या वळणावर दिसला की मी खुर्चीतून उठत होते. शेवटी तोच म्हणाला, "नाई व पोरी, तुयं काई नाई."

ग्रामसभेत मी इतिहास वाचला. पहिलं पान होईपर्यंत लोक ऐकत होते. काही म्हातारे तर 'हाव, हाव' म्हणत होते. चपलांच्या नंबरावर आले तेव्हा हसू उठलं, चांगलं हसू. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग पंजाबराव उठले. "सुचे, तू शिकली, चांगलं झालं. पन मले एक सांग, बाईची चिठ्ठी हाय का तुयाजौळ?"

मी म्हटलं, येणार आहे.

"येनार हाय! पंधरा वर्स झाले, बाई येनार हाय." लोक पुन्हा हसले, या वेळी वेगळं. "शेखरशी माह्यं बोलनं झालं. दवाखान्यात काय हाय आता? वटवाघळं. मी निदान दुकान तं उघडून राह्यलो."

तेवढंच असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण मागून अन्नपूर्णाबाई उभ्या राहिल्या. कोकिळावहिनीच्या सासूबाई. त्या सभेत कधी बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "तू वाचलं ते समदं खरं अशीन, माय. पन त्याच्यात माही सून नाई. माह्या सुनेची चप्पल कुठं होती ते लिहिलं काय तू?"

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली.

"दवाखाना नका करू त्या ओट्यावर," त्या म्हणाल्या. "फवारनीचं इख विका तिथं. निदान इख हाय म्हनून तं मालूम राहीन."

ठराव एकतीस तारखेपर्यंत पुढे ढकलला आहे. सरपंचांनी माझ्यावर दया केली एवढंच.

बाबा सभेला आलेच नाहीत. म्हणाले, चप्पल तुटली. आईनं नवी आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. जेवणही तुटलं आहे त्यांचं. अर्धी भाकरी खातात आणि ताट सरकवतात, अन्नाचा वास नको म्हणतात. माणूस दुःखानं असा होतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, घरात पहिल्यांदा बघते आहे.

बाई, मी इतिहासातून कोकिळावहिनीला वगळलं. साहेबांना काय गरज, असं मनाशी म्हटलं होतं. ते खरं कारण नाही.

सुचिता


१२ ऑक्टोबर २०२५

बाई,

हे पत्र मी घरी लिहीत नाही. पंचायतीच्या खोलीत आहे, दुपारची वेळ आहे, कुणी नाही.

२०१० चा ऑगस्ट. जिल्ह्याचे साहेब तुमचा सत्कार करायला येणार होते. तीस वर्षं खेड्यात सेवा केली म्हणून. आमच्या शाळेत तेव्हा बालमंत्रिमंडळ होतं आणि मी स्वच्छता मंत्री होते. पुठ्ठ्याचा बिल्ला होता माझ्याकडे, त्यावर लाल स्केचपेननं लिहिलेलं. गुरुजींनी सांगितलं होतं, पाहुण्यांच्या नजरेला घाण पडता कामा नये.

त्या सकाळी मी ओटा झाडला. शेणानं सारवलेल्या अंगणात रांगोळी होती, आणि तिच्यासमोर चपलांची ती रांग. फाटक्या, शिवलेल्या, तार बांधलेल्या. मला लाज वाटली, बाई. माझीच लाज असल्यासारखी. मी चांगल्या चपला जोडीजोडीनं पुढे लावल्या. उंचीप्रमाणे, शाळेच्या प्रार्थनेला उभं करतात तशा. आणि फाटक्या होत्या, पट्टे कापलेल्या होत्या, त्या सगळ्या मागच्या हौदाआड नेऊन ठेवल्या. माझं काम छान झालं असं वाटलं. बाबा सामान आणायला गेले होते. परत आले तेव्हा त्यांनी बघितलं, पण तेवढ्यात गाड्या आल्या.

पट्टे कापलेल्या चपलांचं तुम्ही काय करायचात हे मला माहीत होतं. मीच तर विचारलं होतं. त्या दिवशी ते डोक्यातच आलं नाही.

कोकिळावहिनी नऊ वाजल्यापासून निंबाखाली बसली होती. आठवा महिना. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं शेजारणीला सांगत होती. कुणीतरी म्हटलं, जा ना आत. तर ती म्हणाली, "नंबर लागला हाय माहा. बाई पाह्यतेतच." भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. साडेअकराला तिला झटके आले. तुम्ही धावलात, शाल अंगावरच होती. साहेबांच्याच गाडीतून तिला शेगावकडे नेलं. ती वाटेत गेली. पोटातलं बाळही.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाई चपला शोधत आल्या आणि त्यांना त्या हौदाआड सापडल्या. त्या ओट्यासमोर चपला हातात धरून ओरडल्या ते शब्द मला पाठ आहेत. "चपला पाहून मानसं पाह्यता काय, बाई? फाटक्या चपलेचा जीव नाई काय?" सगळ्या गावानं वर्षानुवर्षं तुम्हाला रांगेवरून चालताना, चपला उचलताना पाहिलं होतं. त्या एका वाक्यानं सगळ्यांना वाटलं की आपल्याला आता समजलं, बाई काय बघत होत्या ते. उलटं समजलं. तुम्ही ज्यासाठी वाकत होतात, त्याच्याच उलटं.

तुम्ही बाबांना सगळ्यांसमोर विचारलंत, "तुळशीराम, चपला कुणी हलवल्या?" मी दाराआड होते. बिल्ला मुठीत होता. बाबा म्हणाले, "मालूम नाई, बाई."

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकही चप्पल नव्हती. चार दिवस नव्हती. पाचव्या दिवशी तुम्ही कुलूप लावून किल्ली बाबांच्या हातात दिलीत.

बाबा आणि मी यावर आजवर एक शब्द बोललेलो नाही. मी शिकले, डॉक्टर होता आलं नाही तरी शिकले, ते यासाठीच असं मला वाटतं. दवाखाना उघडला तर कुठेतरी काहीतरी जागेवर येईल असं वाटतं. माझ्यामुळे तुम्ही गेलात. शिक्षा मला द्या. गावाला पत्र द्या.

एकतीस तारखेला सभा आहे. मी तिथे हे सगळं सांगेन. तुमचं पत्र आलं तरी सांगेन, नाही आलं तरी सांगेन.

सुचिता


नाशिक
५ नोव्हेंबर २०२५

चि. सुचिता,

तुझी चारही पत्रं मिळाली. शेखरनं एकही लपवलं नाही, त्याच्यावर राग धरू नकोस. उत्तर मीच दिलं नाही.

सभा होऊन गेली असेल. तू सांगितलंही असशील. तू तशीच आहेस. मला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सभेआधी पोचायला हवी होती. मी उशीर केला. मला उशिराची सवय आहे.

सत्काराआधी मी हात धुवायला हौदाकडे गेले होते. चपला तिथे होत्या. वरच्या जोडीचे दोन्ही पट्टे कापलेले, ब्लेडनं, ताजे. लहान पाय, बाईचे, टाचेचा भाग खोल दबलेला, म्हणजे पोट पुढे असलेलं. मला एका नजरेत कळलं. चप्पल हातात घेतली मी. तेवढ्यात बाहेरून हाक आली, बाई, साहेब थांबलेत. मी चप्पल खाली ठेवली. शाल घेतली की लगेच बघू, असं म्हटलं मनाशी.

मग मला बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोलले, सुचिता. गरिबांच्या सेवेवर. निंबाखालची माणसं मला तिथून दिसत होती.

तू चपला हलवल्यास हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्यानं काही बदलत नाही. त्या कुठेही असत्या तरी मी पाहिल्याच होत्या. अन्नपूर्णाबाईंनी मला जे विचारलं ते चुकीचं नव्हतं. त्या दिवशी मी चपला पाहूनच माणसं पाहिली; फाटकी चप्पल हातातून खाली ठेवून साहेबांकडे गेले, हे फक्त त्यांना ठाऊक नव्हतं. तुळशीराम 'माहीत नाही' म्हणाला तेव्हा मला वाटलं, त्यानं मला हौदापाशी पाहिलं असावं आणि तो मला वाचवतो आहे. पंधरा वर्षं मी त्याच्या त्या शब्दाखाली दबून राहिले. तो मुलीला वाचवत होता. चांगलं केलं त्यानं.

जागा शेखरच्या नावावर आहे. त्यानं पंजाबरावांना होकार दिला. मी अडवू शकले असते. त्या ओट्याला माझं नाव पुन्हा लागू नये म्हणून अडवलं नाही. यात गावाचं नुकसान झालं हे मला कळतं. तरी नाही अडवलं.

आता खरं काम. तुझी पत्रं पुन्हा वाच. तुळशीरामनं बूट सोडून रबरी चपला घेतल्या. तो पाय वर घेऊन बसतो. सकाळी डोळे सुजलेले असतात, दिवसा उतरतात. अन्नाचा वास नकोसा. चप्पल तुटली म्हणतो आणि नवी नको म्हणतो. तू सगळं नीट पाहिलंस, तारखेनिशी लिहिलंस, आणि प्रत्येक वेळी त्याला दवाखान्याचं दुःख म्हटलंस.

ते दुःख नाही, बाळ. ती सूज आहे. उद्याच रक्त तपासायला ने. उद्या म्हणजे उद्या.

संजीवनी


१७ जानेवारी २०२६

बाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आधी खाटेखाली वाकले. चप्पल तुटलेली नव्हती. दोन्ही पट्टे कापलेले होते, आतल्या बाजूनं, वरून कळू नये असे. कातरीचा हात आहे ना त्यांचा. खाच इकडची तिकडे झालेली नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, काऊन सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू?" ते म्हणाले. "बाई तं नाई."

दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, सूज कधीपासून? मी तुम्हाला लिहिलेल्या पत्रांवरून तारखा सांगितल्या. ते म्हणाले, एवढं नीट लक्ष होतं, मग आधी का नाही आणलं?

एकतीसच्या सभेत मी सगळं सांगितलं होतं. अन्नपूर्णाबाई ऐकून घेऊन उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी नळावर भेटल्या तेव्हा त्यांनी माझी घागर डोक्यावर चढवून दिली. तुमचं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं का, हे मला ठरवता येत नाही. तुमच्यावर रागवायचं की नाही हेही नाही. तुम्ही मला सोडवलंत असं वाटून मी एक दिवस मोकळी झाले होते. मग आठवलं की घरात बसून मीही तेच केलं. पाहिलं आणि भाषण केलं.

दुकानाचं उद्घाटन संक्रांतीला झालं. डाव्या दारात बियाणं, उजव्या दारात औषधं. फवारणीची. ओट्याला नवीन फरशी बसवली आहे. मी गेले नाही.

काल बाबांना डायलिसिसला घेऊन गेले होते. तिथल्या दवाखान्याच्या पायरीवर चपला काढायच्या असतात. आत खिडकीतून कागदाचा नंबर मिळतो, मी तो आणायला गेले. परत आले तर बाबांनी आपल्या चपला पायरीच्या कडेनं, भिंतीशी सरळ लावल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत बाकावर बसले होते. तेवढ्यात एक झाडणारी मुलगी आली. वीसेक वर्षांची असेल, अगदी मन लावून झाडत होती. तिनं त्या चपला झाडूनं कोपऱ्यातल्या चपलांच्या ढिगात सारल्या.

मी तिला रागावले नाही, बाबांशेजारी जाऊन बसले.

बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "सुचे, आपला नंबर गेला व."

सुचिता